तीव्र निकटदृष्टिता आणि दृष्टिपटलाचे विकार : स्वरूप, उपचार व महाविद्यालयीन जीवन

बीजसंज्ञा : निकटदृष्टिता, दृष्टिपटल, पीतबिंदू, पडदा सरकणे, अल्पदृष्टी, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६

प्रस्तावना

चष्मा ही आपल्या समाजात इतकी सर्वपरिचित वस्तू झाली आहे की, चष्म्यामागचा डोळा आजारी असू शकतो हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जाड भिंगांचा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसणारा विद्यार्थी मित्रांच्या लेखी 'ढापण्या' असतो आणि नातेवाइकांच्या लेखी 'फार वाचणारा मुलगा'. चेष्टा काय किंवा कौतुक काय, दोहोंत एक गृहीतक समान असते : चष्मा लावला की प्रश्न मिटला. सौम्य निकटदृष्टितेच्या बाबतीत हे गृहीतक बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र नंबर उणे सहा डायऑप्टरच्या पलीकडे गेला की डोळ्याच्या आतील दृष्टिपटलाचा, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण 'डोळ्याचा पडदा' किंवा 'रेटिना' म्हणतो त्याचा, प्रश्न उपस्थित होतो आणि तो भिंगाने सुटणारा नसतो.

प्रस्तुत लेखात तीव्र निकटदृष्टितेमुळे दृष्टिपटलावर होणारे परिणाम, त्यांवरील उपचारांचा प्रवास आणि हे विकार घेऊन महाविद्यालयात शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या व्यक्तींचे दैनंदिन जीवन यांचा परामर्श घेतला आहे. प्रस्तुत लेखक नेत्रतज्ज्ञ नाही. भौतिकशास्त्राचा अध्यापक आणि गेली अनेक वर्षे उणे तेराच्या भिंगांतून जग पाहणारा रुग्ण, या दुहेरी नात्याने हे लेखन केले आहे.

नंबर आणि नेत्रगोल

प्रौढ व्यक्तीच्या निरोगी नेत्रगोलाची लांबी, पारपटलापासून दृष्टिपटलापर्यंत मोजली असता, सुमारे २३.५ ते २४ मिलिमीटर भरते. ही लांबी वाढली की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते. लांबीतील प्रत्येक मिलिमीटरच्या वाढीमागे नंबर साधारणतः अडीच ते तीन डायऑप्टरने वाढतो. २६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा डोळा तीव्र निकटदृष्टितेचा समजला जातो. उणे बारा किंवा तेरा नंबर असलेल्या डोळ्याची लांबी २८ मिलिमीटरच्या आसपास असणे स्वाभाविक आहे.

चार मिलिमीटरचा हा फरक किरकोळ वाटेल. परंतु दृष्टिपटलाची जाडीच मुळात पाव मिलिमीटरच्या घरात असते आणि नेत्रगोल वाढला म्हणून दृष्टिपटलाला नवीन ऊतक मिळत नाही. कणीक तेवढीच ठेवून पोळी मोठी लाटत गेल्यास ती जशी पातळ होते व कडेला चिरते, तशीच ही प्रक्रिया समजावी. दृष्टिपटलाखालचे रक्तवाहिन्यांचे रंजितपटल आणि बाहेरचे श्वेतपटल हेही सोबत ताणले जातात.

अंतर्गोल भिंग काय करते? ते प्रतिमा मागे सरकवून ताणलेल्या दृष्टिपटलावर आणून ठेवते. लेसरने चष्मा घालविण्याच्या शस्त्रक्रियेत पारपटलाची वक्रता कमी करून नेमके हेच साधले जाते. दोन्ही उपायांत नेत्रगोलाची लांबी होती तेवढीच राहते. त्यामुळे विवाहापूर्वी किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपूर्वी लेसर करून चष्म्यातून मुक्त झालेल्या तरुण-तरुणींचा दृष्टिपटल पूर्वीइतकाच धोक्यात असतो. चष्मा गेल्यामुळे त्यांच्याकडे पाहून कोणालाही संशय येत नाही आणि खुद्द त्यांनाही दरवर्षी तपासणीला जाण्याचे कारण दिसत नाही. लेखकाच्या मते या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत न सांगितली जाणारी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, होल्डन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या बहुचर्चित अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील जवळपास निम्मी लोकसंख्या निकटदृष्टी असेल आणि सुमारे दहा टक्के लोकांत ती तीव्र स्वरूपाची असेल. आनुवंशिकता, बालपणी उघड्यावर घालविलेला अपुरा वेळ आणि दीर्घकाळ जवळचे काम ही कारणे सांगितली जातात. लहान मुलांतील वाढ मंदावण्यासाठी अतिसौम्य मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब व विशिष्ट रचनेची भिंगे आज वापरात आहेत. महाविद्यालयात येईपर्यंत मात्र बहुतेकांचे वय या उपायांच्या पुढे गेलेले असते.

कडेचा दृष्टिपटल आणि मधला दृष्टिपटल

दृष्टिपटलाच्या परिघावर आणि मध्यभागी घडणारे विकार परस्परांहून भिन्न आहेत, त्यांची लक्षणे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारी घाईही वेगळी आहे.

परिघाचा विकार आधी पाहू. डोळ्याच्या पोकळीत काचाभ द्रव हा पारदर्शक, घट्टसर पदार्थ भरलेला असतो. वयानुसार तो पातळ होऊन दृष्टिपटलापासून सुटा होतो. सर्वसाधारण व्यक्तीत हे साठीच्या सुमारास घडते. तीव्र निकटदृष्टी व्यक्तीत सुमारे दहा वर्षे आधी, म्हणजे ऐन नोकरीच्या काळात घडते. सुटा होताना हा द्रव जेथे दृष्टिपटलाला घट्ट चिकटलेला असतो तेथे तो ओढला जातो. त्या ओढीमुळे प्रकाश नसताना डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखे वाटते आणि दृष्टीसमोर काळे ठिपके, कोळ्याचे जाळे किंवा तरंगती कडी दिसू लागते. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्यावरच हे निभावते. मात्र अशी नवी लक्षणे घेऊन येणाऱ्या साधारण दहांपैकी एका रुग्णात दृष्टिपटलाला चीर पडलेली आढळते. चिरेतून द्रव मागे शिरला की भिंतीवरचा ओला कागद सुटावा तसा दृष्टिपटल आपल्या आधारापासून सुटू लागतो. यालाच 'पडदा सरकणे' असे म्हणतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उणे तीनपेक्षा अधिक नंबर असणाऱ्यांत हा धोका सामान्य डोळ्याच्या तुलनेत दहापट आढळला होता.

मध्यभागाचा विकार अधिक संथ आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व कामे पीतबिंदू या अगदी लहानशा भागावर अवलंबून असतात. नेत्रगोलाची मागची भिंत पोक काढल्यासारखी बाहेर फुगते, तेव्हा हा भाग सर्वाधिक ताणला जातो. त्याखालच्या पडद्यांना बारीक तडे जातात. तड्यांतून रंजितपटलातील नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या वर येतात, त्यांतून रक्त व पाणी झिरपते आणि अखेर तेथे काळसर व्रण उरतो. या व्रणाला व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांचे नाव मिळाले आहे. काहींच्या बाबतीत रक्तवाहिन्या न येताच पेशी झिजत जातात. जपानमधील ताजिमी येथे झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका डोळ्याच्या अंधत्वाचे प्रमुख कारण हाच विकार असल्याचे दिसून आले. आपल्याकडे अंधत्व म्हटले की मोतीबिंदू आठवतो. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा परत मिळते. पीतबिंदूवरील व्रणाने गेलेली मिळत नाही.

उपचारांचा प्रवास

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सरकलेला पडदा म्हणजे अंधत्व, असेच समीकरण होते. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ यांनी चीर हा परिणाम नसून तीच मूळ कारण आहे, हे प्रतिपादन केले आणि तप्त शलाकेने ती चीर बंद करण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. समकालीन तज्ज्ञांना हे पटायला बराच काळ जावा लागला. जर्मनीत मायर-श्विकेराट यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश रुग्णाच्या डोळ्यात एकवटून दृष्टिपटल 'डकविण्याचे' प्रयोग केले. आजच्या लेसरचे हे पूर्वरूप होय. दृष्टिपटलाची कड नीट पाहता येईल असे दोन्ही डोळ्यांनी वापरायचे उपकरण शेपेन्स यांनी १९४० च्या दशकात सिद्ध केले, तर १९७० च्या सुमारास मायामीत माखेमर यांनी काचाभ द्रवच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया शक्य करून दाखविली. आता पहिल्याच शस्त्रक्रियेत पडदा पुन्हा जागेवर बसण्याचे प्रमाण दहांत आठ-नऊ इतके आहे.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. पडदा जागेवर बसणे आणि दृष्टी पूर्ववत होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पीतबिंदू अद्याप चिकटलेला असताना शस्त्रक्रिया झाल्यास वाचनाची दृष्टी बहुधा वाचते. तो एकदा सुटला की पडदा उत्तम बसूनही अक्षरे पूर्वीसारखी दिसतीलच असे नाही.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात अनेकदा विशिष्ट वायू भरला जातो. वायूच्या प्रकारानुसार तो दोन ते आठ आठवडे टिकतो. चीर कोठे आहे त्यावरून काही रुग्णांना दिवसेंदिवस पालथे झोपावे लागते वा मान खाली घालून बसावे लागते. अर्धी भरलेली बाटली हलवावी तशी एक रेषा दृष्टीसमोर डुलत राहते आणि हळूहळू खाली उतरते. या काळात विमानप्रवास वर्ज्य असतो, कारण हवेचा दाब कमी झाला की वायू प्रसरण पावून डोळ्यातील दाब धोकादायकरीत्या वाढतो. हाच नियम घाटालाही लागू आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईत शस्त्रक्रिया करून बोरघाटाने वर येणाऱ्या किंवा महाबळेश्वर-पाचगणीकडे परतणाऱ्या रुग्णाने निघण्यापूर्वी शल्यविशारदाला आपल्या गावाची उंची सांगून विचारले पाहिजे. बॉइलचा नियम वर्गात शिकविणाऱ्यांनाही स्वतःच्या डोळ्याच्या संदर्भात तो आठवेलच असे नाही.

पीतबिंदूखालील नव्या रक्तवाहिन्यांवर त्यांची वाढ रोखणारी औषधे थेट डोळ्यात टोचली जातात. गेल्या सुमारे दोन दशकांत या उपचाराने असंख्य रुग्णांची वाचनदृष्टी टिकविली आहे. डोळ्यात सुई ही कल्पनाच भयंकर वाटते; प्रत्यक्षात भूल दिल्यामुळे थोडा दाब जाणवतो आणि दिवसभर डोळा चुरचुरतो, एवढेच. झिजलेल्या पेशी परत आणणारा उपचार मात्र आज उपलब्ध नाही.

घाई कोणत्या लक्षणाची

अचानक वाढलेले ठिपके, वारंवार चमकणे, आणि एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली चढत येणे, यांपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी दृष्टिपटल-तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे. सावली पीतबिंदूपर्यंत पोहोचलेली नसेल तर हा प्रश्न तासांचा असतो. 'पेपर तपासणी संपली की बघू' किंवा 'सुट्टी लागली की मुलाला दाखवू' ही आपल्या पेशातील नेहमीची भाषा येथे दृष्टी घालवू शकते. या सर्व प्रकारात वेदना होत नाहीत, त्यामुळे कोणी घाबरतही नाही. दुखणाऱ्या दातासाठी आपण किरकोळ रजा टाकतो. न दुखणाऱ्या डोळ्यासाठी टाकत नाही.

सरळ रेषा वाकडी दिसणे हे मध्यभागाच्या विकाराचे लक्षण आहे. दाराची चौकट, वहीच्या आखलेल्या ओळी किंवा फरशीचे सांधे मध्येच तरंगल्यासारखे वाटले तर काही दिवसांत तपासणी व्हावी. गोनँ यांचेच शिष्य मार्क आम्सलर यांनी यासाठी चौकटींचा एक तक्ता तयार केला. आपल्या प्रयोगशाळेतील आलेख कागदाच्या मध्यभागी एक ठिपका काढून, जवळचा चष्मा लावून, एक एक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे पाहिले तरी काम भागते. एक एक डोळा झाकणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव इतक्या बेमालूमपणे भरून काढतो की महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेणे म्हणजे दृष्टिपटलाची तपासणी नव्हे. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते. त्यानंतर चार-सहा तास वाचता येत नाही, उजेड सहन होत नाही आणि वाहन चालविणे टाळावे लागते. एवढ्याशा गैरसोयीमुळे ही तपासणी वर्षानुवर्षे टाळली जाते.

काही समजुतींचा येथेच उल्लेख करणे योग्य ठरेल. नंबर जास्त असलेल्या स्त्रीने नैसर्गिक प्रसूती टाळावी, कळांच्या जोराने पडदा फाटतो, असे आजही सांगितले जाते. केवळ निकटदृष्टितेसाठी शस्त्रक्रियेने प्रसूती करण्यास वैद्यकीय आधार नाही. जास्त वाचल्याने पडदा सरकतो, हेही खरे नाही. डोळ्यांच्या व्यायामाने नंबर घालविण्याचे दावे करणाऱ्यांना २८ मिलिमीटरचा नेत्रगोल २४ मिलिमीटरचा कसा होणार, एवढाच प्रश्न विचारावा. मुष्टियुद्धासारखे डोक्याला मार बसणारे खेळ मात्र टाळलेले बरे.

महाविद्यालयातील दैनंदिन जीवन

विकार स्थिरावल्यावर उरलेल्या दृष्टीचा हिशेब सुरू होतो. तक्त्यावरची ६/१२ ची ओळ वाचू शकणारी व्यक्ती पुसट झेरॉक्स वाचू शकत नाही, असा अनुभव येतो, कारण तक्ता ठळक काळ्यापांढऱ्यात असतो आणि जग तसे नसते. अंधारलेला जिना, उन्हातून वर्गात शिरल्यावरची पहिली दोन मिनिटे, पेन्सिलीने लिहिलेले उत्तर, प्रोजेक्टरवर पिवळ्या अक्षरांत टाकलेला मजकूर हे खरे अडथळे आहेत. पीतबिंदूवर व्रण असलेल्या अध्यापकाला समोरून येणाऱ्या सहकाऱ्याचा चेहरा ओळखता येत नाही आणि स्टाफरूममध्ये तो 'आढ्यतेखोर' ठरतो.

निकटदृष्टी डोळ्याला निसर्गाने एक देणगीही दिली आहे. उणे दहा नंबरच्या डोळ्याचा दूरबिंदू दहा सेंटिमीटरवर असतो; म्हणजे चष्मा काढून पुस्तक नाकाशी नेले की कोणत्याही भिंगाशिवाय अक्षर मोठे व स्पष्ट दिसते. चाळिशी ओलांडलेल्या इतर सहकाऱ्यांना ही सोय नसते. तीव्र निकटदृष्टी व्यक्तीला मोतीबिंदूही लवकर होतो आणि त्या शस्त्रक्रियेत दूरचा नंबर शून्य करणारे कृत्रिम भिंग बसविले तर ही देणगी कायमची जाते. ज्याचे आयुष्य छापील पानावर चालते त्याने आपल्याला उणे तीनच्या आसपासचा नंबर शिल्लक हवा आहे काय, याचा विचार करून शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. आपण होऊन हे विचारणारे डॉक्टर असतात, परंतु बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत ते राहूनही जाते.

शांतिनिकेतनातील कलाभवनात अध्यापन करणारे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांना जन्मापासून एका डोळ्याने दिसत नव्हते व दुसऱ्याला तीव्र निकटदृष्टिता होती. याच दृष्टीच्या बळावर त्यांनी तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विस्तीर्ण चित्र रंगविले. १९५६ साली मोतीबिंदूच्या अयशस्वी शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली, तरी त्यांनी निर्मिती थांबविली नाही. त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट केला. हे उदाहरण असामान्य प्रतिभेचे आहे. सामान्य अध्यापकाकडून तशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरेल. त्याला मोठ्या टंकातील वेळापत्रक, खिडकीकडे पाठ करून बसता येईल अशी जागा आणि रात्रीच्या केंद्रावरील पर्यवेक्षणातून सूट मिळाली तरी पुरेसे असते.

कायदा आणि त्यातील फट

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार, उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी असेल किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर ती व्यक्ती अल्पदृष्टी गणली जाते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना उच्च शिक्षणात किमान पाच टक्के आरक्षण आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांना लेखी परीक्षेत तासामागे किमान २० मिनिटे अधिक वेळ आणि गरजेनुसार लेखनिक देऊ केला. नोकरीत असताना दिव्यांगत्व आल्यास शासकीय आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढता वा पदावनत करता येत नाही. अधिनियमातील व्याख्येनुसार शासकीय आस्थापनेत अनुदानित संस्थाही येतात. हे कलम आपल्या अनेक सहकाऱ्यांना माहीत नाही आणि विकार लपविण्याकडे त्यांचा कल असतो.

फट आहे ती 'चांगला डोळा' या शब्दांत. २०१८ मध्येच अधिसूचित झालेल्या मूल्यमापन-कोष्टकानुसार एक डोळा पूर्णतः निकामी आणि दुसरा ६/१८ किंवा त्याहून बरा असल्यास दिव्यांगत्व ३० टक्केच भरते. तीव्र निकटदृष्टितेचा विकार अनेकदा एका डोळ्यात आधी येतो. एका डोळ्यावर व्रण, दुसऱ्याचा दृष्टिपटल पातळ, उंची व अंतराचा अंदाज चुकणारा आणि तासाभराच्या वाचनाने थकणारा विद्यार्थी अशा प्रकारे ४० टक्क्यांच्या अलीकडेच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात, ४० टक्क्यांची अट पूर्ण न करणाऱ्या दिव्यांग उमेदवारासही लेखनिक नाकारता येत नाही आणि वाजवी सोय हा त्याचा हक्क आहे, असा निर्वाळा दिला. त्या प्रकरणातील उमेदवाराचा विकार हाताने लिहिण्यात अडचण आणणारा मज्जासंस्थेचा होता; तत्त्व मात्र दृष्टीलाही तितकेच लागू पडते.

अंतर्गत परीक्षांसाठी तर महाविद्यालयाला कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. नेत्रतज्ज्ञाचे साधे पत्र पाहून प्राचार्यांनी प्रश्नपत्रिका अ-३ आकाराच्या कागदावर मोठी करून देण्यास आणि खिडकीजवळचे आसन ठरवून देण्यास परवानगी दिली, तर खर्च येतो तो दोन-चार रुपयांच्या झेरॉक्सचा.